वाढले किती, पडले किती

दादांनी आयुष्यात एकही शेअर विकत घेतला नाही, पण बत्तीस वर्षं रोज संध्याकाळी सगळ्यांचे भाव वाचले. एका वर्तमानपत्रात ते प्रूफं तपासायचे आणि बाजारभावाचं पान त्यांच्याकडे असायचं. कचेरीत त्यांना ‘स्वल्पविराम’ म्हणत, कारण एखादा स्वल्पविराम हलला तरी ते पान अडवून धरत. घरी आणि गल्लीत मात्र ते सगळ्यांचेच दादा होते. सख्ख्या बहिणीचे तर होतेच. तिला सगळे धाकटी म्हणत, ती त्रेसष्ट वर्षांची झाली तरी.

निवृत्तीनंतर दादांच्या हाताला चैन पडेना. मग सकाळी चहाचा कप शेजारी ठेवून, पेन्सिल घेऊन ते भावांच्या पानावर बसू लागले. कालच्यापेक्षा भाव चढला असेल तर वहीत एका बाजूला रेघ, उतरला असेल तर दुसऱ्या बाजूला. चार रेघांवर पाचवी आडवी, म्हणजे जुडी झाली. शेवटी वाढलेल्यांतून पडलेले वजा करायचे, आलेला फरक कालच्या बेरजेत मिळवायचा आणि आलेखाच्या कागदावर एक ठिपका द्यायचा. ठिपके जोडले की रेघ तयार होई. जुड्यांचं पान दुसऱ्या दिवशी फाडून टाकत; वहीत राही तो फक्त फरक.

धाकटीचं शिवणकामाचं दुकान होतं. गुडघे बोलू लागले तेव्हा तिने ते विकलं. आलेली रक्कम हाच तिचा उरलेल्या आयुष्याचा आधार. बाजाराचा निर्देशांक रोज नवी उंची गाठत होता, आणि तिच्या जावयाचं म्हणणं होतं की सगळी रक्कम शेअरमध्ये घालावी, बँकेत पैसा नुसता झोपून राहतो. धाकटीने दादांना विचारलं. दादांची रेघ तेव्हा खाली चालली होती.

त्यांनी तिला तिच्याच दुकानावरून समजावलं. समज, तुझ्याकडे दोन श्रीमंत गिऱ्हाइकं आली आणि भारी कपडे शिवून गेली, तर त्या महिन्याचा गल्ला फुगेल. पण रोजची पन्नास बायकामाणसं यायची बंद झाली, तर धंदा बरा चाललाय असं तू म्हणशील का? निर्देशांक म्हणजे मोजक्या मोठ्या कंपन्यांचा गल्ला. मी बाकीची गिऱ्हाइकं मोजतो.

धाकटीला ते चटकन पटलं. ती थांबली. जावई चार महिने कुरकुरत राहिला. मामांची पेन्सिल झिजली की आपल्याला परवानगी मिळेल, असं तो बायकोजवळ म्हणायचा.

मग रेघ वळली. सलग सहा आठवडे ती वर चढत राहिली. दादांनी एका गुरुवारी बहिणीला सांगितलं की आता चढ सगळीकडे पसरलाय, हरकत नाही. येत्या सोमवारी सह्या करायच्या ठरल्या.

शनिवारी सकाळी दादांनी मोजणी संपवली आणि कप उचलला. चहा गरम होता. पूर्वी मोजणी संपेपर्यंत त्यावर साय धरलेली असायची. दीड महिन्यापासून काम लवकर उरकत होतं, आणि त्याचं श्रेय ते नव्या टाइपाला देत होते. वर्तमानपत्राने भावांच्या पानाची अक्षरं मोठी केली होती. डोळ्यांना आराम पडला म्हणून दादांनी संपादकांना आभाराचं पत्रसुद्धा धाडलं होतं. आता त्यांनी पहिल्यांदाच वाढलेले आणि पडलेले वजा न करता एकत्र मिळवले. दोनशे चाळीस. नोकरीत असताना याच पानावर ते सातशेच्या वर नावं तपासत. पानाच्या तळाशी बारीक ओळ होती: जागेअभावी प्रमुख कंपन्यांचेच भाव देत आहोत. ती दीड महिना तिथे होती आणि स्वल्पविरामाने ती वाचली नव्हती.

म्हणजे सहा आठवडे ते श्रीमंत गिऱ्हाइकंच मोजत होते.

फोन न करता ते उन्हातून चालत धाकटीकडे गेले. लेक आणि जावई आलेलेच होते. टेबलावर सोमवारचे कागद पसरले होते. दादांनी पाणीही घेतलं नाही. उभ्याउभ्याच सांगितलं, “धाकटे, माझं चुकलं. मी अर्धवट यादी मोजली. गुरुवारचा माझा शब्द मी परत घेतो.”

धाकटीने हातातला कागद खाली ठेवला. तिने सगळ्या ओळखीपाळखीत सांगून ठेवलं होतं की आमचा दादा चुकत नाही. जावयाचा मात्र संयम सुटला. “मामा, काल बाजार उच्चांकावर बंद झालाय,” तो म्हणाला. “आणि तुम्ही अजून यादी नि पेन्सिलीचं काय सांगताय?”

दादांनी वाद घातला नाही. पूर्ण यादी कुठे मिळेल तेवढं विचारलं. जावई म्हणाला, मोजायची गरजच नाही, बाजाराच्या संकेतस्थळावर सगळ्या कंपन्यांचा रोजचा तयार आकडा असतो. त्याने मोबाइल काढला आणि ऐटीत वाचायला सुरुवात केली. शुक्रवारी वाढले आठशे दहा. पडले... इथे त्याचा आवाज खाली आला. पडले एकोणीसशे चाळीस. गुरुवारीही तसंच. बुधवारी त्याहून वाईट. धाकटीने त्याला मागे मागे जायला लावलं, पार सहा आठवडे. तो वाचत गेला, दादा लिहीत गेले. नवी रेघ कुठेच वळली नव्हती.

धाकटीने कागद गोळा करून जावयाच्या हाती दिले. सोमवार नको, एवढंच म्हणाली. रक्कम बँकेतच राहिली.

गोष्ट इथे संपली असती तर दादांचा जीव भांड्यात पडला असता. पण निर्देशांक आणखी दोन महिने वर गेला. जावई दर रविवारी, आज आपण किती कमावलं असतं, ते हिशेब करून सांगायचा. व्याज पुरेना, म्हणून धाकटीने कपडे दुरुस्त करायचं काम घरी घ्यायला सुरुवात केली. मशीनवर बसलेली बहीण बघून दादा दारातूनच परत फिरायचे. शब्द देऊन चूक केली, की मागे घेऊन चूक केली, हे त्यांना कळेनासं झालं. तिने त्यांना एकदाही बोल लावला नाही, आणि तेच त्यांना जास्त लागायचं.

तिसऱ्या महिन्यात त्या मोठ्या कंपन्याही घसरल्या. दहा दिवसांत निर्देशांकाने वर्षभराची कमाई पुसून टाकली. दादा आलेखाची गुंडाळी घेऊन धाकटीकडे गेले. ती कुणाच्या तरी विजारीची खालची शिवण उसवत होती.

“जावयाचा फोन येऊन गेला,” ती मान वर न करता म्हणाली. “त्याने स्वतःचे घातले होते, सगळे. बिचाऱ्याला धीर देता देता माझी सकाळ गेली.”

दादांना आनंद झाला नाही. ते समोर बसले. रक्कम शाबूत होती, पण बहीण उसवत बसली होती, आणि दोन्ही गोष्टी त्यांच्याच रेघेने घडवल्या होत्या.

“आता परत कधी घालायचे?” तिने विचारलं.

“ते रेघ सांगत नाही. चढात किती जण सोबत आहेत, एवढंच ती सांगते. आज फार थोडे आहेत.”

धाकटीने दोरा दाताने तोडला आणि विजार झटकून बाजूला ठेवली. “मग मोजत राहा,” ती म्हणाली. “मला पुढच्या महिन्यापर्यंत पुरेल एवढं काम आहे.”