कुंकू लागलेली नवी थैली

त्या प्रकरणाची आठवण आजही हळदीच्या वासाने सुरू होते.

पेरणी तोंडावर आली होती. चांदूर रेल्वेच्या एका शेतकऱ्याचा आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. उगवण तपासण्यासाठी ओल्या पोत्यात गुंडाळलेले त्याचे सोयाबीनचे बियाणे कुजले होते. कृषी अधिकाऱ्यांसह आम्ही, त्याने ते जिथून घेतले होते त्या कृषी केंद्रावर गेलो, पंचनामा करून उरलेल्या थैल्या जप्त केल्या आणि दुकानाला सील लावले. दुकान एक बाई एकटीने चालवत होती. जमलेल्यांतला एक म्हातारा आवाज न चढवता म्हणाला, "तूच असं करशीन त आमी जाव कोठं, बाई?" तिने मान खाली घातली.

बियाणे कंपनीचा प्रतिनिधी ठाम होता. थैलीवरचा कोड ब्लॉकचेनवर नोंदलेला होता. ही नोंद कंपनी, वितरक, दुकानदार आणि तपासणी यंत्रणा अशा सर्वांकडे एकाच वेळी राहते. ती कोणालाही परस्पर पुसता येत नाही. "मोबाइलवर थैली अस्सल दिसते. म्हणजे माल दुकानातच बदलला," तो म्हणाला.

चौकशीत मी बाईंना विचारले, "विक्रीच्या नोंदी का चढवल्या नाहीत?"

"गर्दी होती, मॅडम. म्हटलं, मंग चढवू. आता म्या केलं नाही, हे कोनाले सांगू?"

अटकेचे कागद तयार होते. सहीपूर्वी मी मुद्देमाल पुन्हा हाताळला. एका थैलीच्या शिवणीलगतच्या घडीत हळदीचा मंद वास होता आणि कुंकवाची पुसट लाली. आपल्याकडे पेरणीच्या सकाळी थैलीला हळदकुंकू वाहूनच तिची शिवण उसवतात. मग न विकलेल्या थैलीची पूजा कोणी केली?

मोबाइलवर फक्त 'अस्सल' एवढेच दिसत होते; मी त्या कोडची आरंभापासूनची नोंद उघडायला लावली. ती थैली गेल्या हंगामातच अकोल्याच्या एका दुकानातून विकली गेली होती.

माग दुकानात माल पोहोचवणाऱ्या टेम्पोचालकापर्यंत गेला. त्याने फार ताणले नाही. खरा माल तो वाटेत उतरवी आणि भंगारातल्या रिकाम्या थैल्यांत बाजारातले जुने सोयाबीन भरून, त्या शिवून पुढे देई. "पन कोड त खराच होता ना, मॅडम," असा वाद मात्र त्याने शेवटपर्यंत घातला.

एकाच दुकानाचा हिशेब असता, तर साधी वही पुरली असती. जिथे अनेकांचे हितसंबंध परस्परविरोधी असतात आणि पुसण्याचा अधिकार एकाच्याही हाती नसावा असे वाटते, तिथे हे तंत्रज्ञान मोलाचे. अकोल्याची ती ओळ नाहीशी होणे कंपनीच्याही सोयीचे होते, कारण एकदा विकलेली थैली तिच्या तपासणीत अस्सल ठरत होती. ती टिकली म्हणून एक निरपराध बाई सुटली. थैलीत काय आहे, हे मात्र त्या तंत्रज्ञानाला दिसत नाही.

सील काढले त्या सकाळी बाईंनी शटर वर सारले. बियाण्याचा कोरडा, मातकट गंध बाहेर आला. तो म्हातारा पहिल्याच पायरीवर बसला होता.

"दे एक थैली," तो म्हणाला. "पन आंधी हुंगून पाहू दे."

बाई कितीतरी दिवसांनी हसल्या. "हुंगा बावाजी. नोंद मी आत्ताच चढवतो."