लिंबाखाली थांबू नका

लोह्याच्या बसस्टँडवर गाड्या पुकारणारे एक कंट्रोलर आहेत. मी रोज तिथूनच नांदेडला जाते, पण त्यांचं नाव कधी विचारलं नाही. गाडी पुकारून झाली की मोबाईलवर आलेला हवामानाचा अंदाज ते आपल्या बोलीत सांगतात. "आज ऊन लई हाय, लेकरांच्या डोक्यावर रुमाल टाका."

परवा दुपारी अंगाची लाही होत असतानाच आभाळ काळंकुट्ट झालं. "विजा चमकून राहिल्यात, लिंबाखाली कुणी थांबू नका!" ते माईकवर ओरडले. आम्ही सगळे शेडमध्ये पळालो. एक म्हातारी मात्र गाठोडं कवटाळून झाडाखालीच बसली होती. तिला ऐकूच आलं नव्हतं.

पाऊस कोसळायला लागला. आम्ही नुसते बघत राहिलो. ते धावत गेले, गाठोडं काखोटीला मारलं आणि तिला हाताला धरून आपल्या केबिनमध्ये नेलं.

घाईत माईक चालूच राहिला होता. भोंग्यातून म्हातारीचा चिडका आवाज आला, "माझी अहमदपूरची गाडी गेली म्हंजी?"

मग त्यांचा, तिला ऐकू जावं म्हणून चढवलेला. "मी पुकारल्याबिगर जात न्हाई, माय. तू आधी डोकं पूस."