म्हैस पसंत पडली

कथास्पर्धेच्या अर्जावर एक अट ठळक छापली होती: कल्पना स्वतःची हवी. शेवटची तारीख सोमवार. गुरुवार उजाडला तरी माझी पाटी कोरी. त्यात ऑफिसात सगळ्यांना सांगून बसले होते की यंदा माझी कथा येणार. गाढवपणा, दुसरं काय!

सुचत नव्हतं असं नाही. सुचलं की मी आधी आक्काला ऐकवायचे. आक्का माझी थोरली बहीण, शेजारच्याच गल्लीत दिलेली. अर्धी कथा ऐकली की ती म्हणायची, "ही झाल्याली हाय." वर कुणाच्या घरी झाली तेही सांगायची. अशा सात कथा तिनं मोडीत काढल्या होत्या.

त्या संध्याकाळी वैतागून दूध कट्ट्यावर गेले. तिथं रस्त्याकडेला म्हशी उभ्या असतात, आपल्यासमोर धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात. समोरच्या म्हशीनं माझ्याकडं पाहिलं आणि काय झालं कुणास ठाऊक, मी शेजारच्या मावशींना सांगायला लागले. शिरोळला पूर आला तेव्हा एका घरानं म्हैस गच्चीवर चढवली. पूर ओसरला, म्हैस काही उतरेना. तशात मुलगी बघायला पाहुणे आले. गच्चीवर गेले, मुलगी राहिली बाजूला आणि म्हशीचेच दात बघत बसले. म्हैस पसंत!

आता कोल्हापुरात "समजा, एक घर होतं" म्हणून सुरुवात केली तर कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून मी अगदी घडलंय असंच सांगितलं. सगळा कट्टा गोळा झाला.

"मग पोरगी काय म्हणली?" एकानं विचारलं.

ते मलाच माहीत नव्हतं! "पुढचं अजून कळलं न्हाय," म्हणाले आणि काढता पाय घेतला. घरापर्यंत एकटीच हसत गेले. लोक बघत होते, बघू देत.

रात्रीतून कथा लिहून काढली, पण शेवट काही सुचेना. शनिवारही तसाच गेला. रविवारी सकाळी आक्का धापा टाकत आली.

"ऐकलंस का? शिरोळात पावणं म्हशीचं दात बघाय लागलं, तशी पोरगी म्हणली, 'हिलाच न्या नांदवायला, मी न्हाय येत!' आमच्या भाजीवालीच्या नात्यातलीच हाय की."

मी किंचाळलेच. "आक्का, ही माझी कथा हाय! मी रचली!"

"तू? एवढं सुचतंय व्हय तुला? घडल्यालं हाय ते."

मी तिच्यापुढं कागद नाचवले. तिनं ते वाचले आणि तोंड पाडलं.

"आणि हे छापणार? मग त्या पोरीला कोण करून घ्यायचं? गाव तरी बदल. पन्हाळा घाल."

"गडावर पूर कसा यायचा, आक्का?"

आक्कानं कागद पुन्हा चाळले. मग पदर डोळ्यांना लावत म्हणाली, "निदान शेवटाला तिला चांगलं स्थळ तरी मिळू दे. लई खमकी पोरगी हाय गं."

मला हसू आवरेना आणि आनंदानं रडूही आवरेना. आक्काच्या गळ्याला हात लावून मी शपथ घेतली, की मुलगा निर्व्यसनी देईन.