बर्फाच्या बोटीची खिडकी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक खिडकी शिवून बंद केली. घराची नव्हे, तंबूची. तेही भांडत भांडत.

मी मस्कतला शिडं शिवायचो. तिथल्या दार्सैत भागातल्या दोन खोल्यांत एक शिड पसरलं की जेवायला जागा राहायची नाही. मी मशीन चालवायचो, बायको समोरून कापड ओढून धरायची. रत्नागिरीच्या खाडीवरची बाई, तिला शिड काय ते शिकवावं लागलं नाही. उलट तीच मला शिकवायची.

त्या वर्षी एक गोरं जोडपं शिडाची बोट घेऊन आलं. सुवेझमधून वर जायचं, मग पार बर्फाच्या समुद्रात. तिथं माणसांना अस्वलं दाखवायची, इंजिन बंद करून, शिडावर, गुपचूप. बोट उभी असताना डेकवर बसायला त्यांना तंबू हवा होता. मी झकास शिवला. ओमानात शिवतो तसाच, दोन्ही बाजूंना जाळीच्या मोठ्या खिडक्या, वारा आरपार जाईल अशा.

गोरा बघून हसतच सुटला. म्हणाला, तिथं वारा आत घ्यायचा नसतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ते निघणार होते.

तंबू घरी आणला तर बायको म्हणाली, "अवो, बर्फाच्या गावाला पंखा लावून दिलात काय?"

बसलो खिडक्या बुजवायला. शेवटच्या खिडकीवर तिनं हात ठेवला.

"ही एक ठेवा. वरून झडप लावा, पाहिजे तेव्हा उघडतील."

"कशाला? अस्वल डोकवायला?"

"आत चहा करतील, दहा माणसं श्वास घेतील. वाफ जाणार कुठं? सगळं पाणी त्यांच्याच डोक्यावर गळंल."

"तू कधी बर्फ बघितलास गो?"

"फ्रिजात बघितलाय. तुम्ही कुठं बघितलात?"

मी ऐकलं नाही, टीप मारली. तिनं पुटपुटत का होईना, कापड धरलं. मग दोघांनी दोन टोकं धरून तंबूची घडी घातली आणि ती चहा टाकायला गेली. छातीत कळ आली म्हणाली. टॅक्सीत घातली, तर हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत खलास.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्याशिवाय दफनाचे कागद मिळणार नव्हते. शेजारी येऊन बसले होते. मी पहाटेची फजरची नमाज पढलो, तंबू उलगडला आणि ती शेवटची खिडकी उसवायला घेतली.

शेजारीण म्हणाली, "चाचा, आज तरी राहू द्या."

म्हटलं, "बोट दुपारी सुटते."

वाफेचं मला अजून पटलेलं नाही. झडप कापली, बांधायला बंद लावले. समोरून कापड ओढायला कोणी नव्हतं, म्हणून टोकावर तिनं गावाहून आणलेला पाटा ठेवला आणि टीप मारली.