पाय कापलेली टपरी

पाटोद्याला सोयरिकीसाठी निघालो होतो. मांजरसुंब्याला चहाला थांबलो, तेवढ्यात दोस्ताच्या बायकोचा, शबानाभाभींचा फोन आला. "महादेवभाऊ, हे गेले..." चहा तसाच ठेवून परळीची गाडी धरली, पण पोचेपर्यंत रफिकला माती देऊन झाली होती. त्याला आता दोन महिने होतील. माझा त्याच्यावरचा राग अजून जात नाही. अरे, जरा थांबायचं तरी!

रफिक आणि मी एका गल्लीतले. पोलिओनं त्याचे दोन्ही पाय लहानपणीच गेले. हातांवर सरकत यायचा. त्याची अम्मी म्हणायची, सरकारचा निराधारचा पगार येतोय, बसून खा. ते 'बसून खा' त्याच्या जिव्हारी लागायचं. तो मिक्सर, पंखे दुरुस्त करायला शिकला आणि दिव्यांगांच्या योजनेतल्या टपरीसाठी खेटे घालून घालून अखेर ती मिळवलीच. टेम्पोतून टपरी उतरली आणि आम्ही बघतच राहिलो. माणूस जमिनीवर सरकणारा, अन् टपरी कमरेएवढ्या लोखंडी पायांवर उभी!

"म्हाद्या, आत उडत जाऊ काय बे?" म्हणाला आणि पोट धरून हसला.

मी तणतणलो. चल, कचेरीत जाऊन जाबच विचारू म्हटलं. "तिथं बी पायऱ्याच हायत," तो म्हणाला. बंद ठेवली तर टपरी परत जाणार होती. मग काय, वेल्डर बोलावला आणि टपरीचे चारी पाय कापून टाकले.

पुढं एक साहेब तपासणीला आले. "सरकारी टपरीचे पाय कुणी कापले?" मी घाईनं पुढं झालो. टपरी गेली की रफिक पुन्हा घरात, भिंतीला टेकून. तो मात्र निवांत. "साहेब, मला बी न्हाईत, तिला बी न्हाईत. आमचं लई जमतंय." साहेबांनी तोंड फिरवलं, हसू लपवायला असावं... आणि निघून गेले. टपरी राहिली. तिच्याच जोरावर रफिकचं लग्न झालं, घर चाललं.

परवा भाभींनी सामान आवरायला बोलावलं. चपला काढून, वाकून आत शिरलो आणि त्याच्या जागेवर बसलो. इतकी वर्षं गप्पा मारल्या त्या बाहेरूनच. वरची झडप आडवी येते, त्यामुळं आतून समोर आलेली माणसं गुडघ्यापर्यंतच दिसतात. तेव्हा कळलं, मी वाकायच्या आधीच तो "ये म्हाद्या" कसा म्हणायचा ते. माझ्या चपला ओळखायचा लेकाचा!

फार आठवण येते हो त्याची.

बाहेर आलो, चपला पायात घातल्या आणि टपरीसमोर उभा राहिलो... बराच वेळ, कुणीतरी हाक मारील म्हणून.