अधिक श्रावणाचं अपील

नकाराचं पत्र हल्ली ईमेलने येतं. तरी मी ते वाचायला चष्मा पुसून, खुर्ची सरळ करून, पंखा एकने कमी करून बसलो. जणू त्याने निकाल बदलणार होता.

मी मुलुंडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. अर्धी नोकरी मुलांना झुरळं कापायला शिकवण्यात गेली, आणि कापायला बंदी आल्यावर उरलेली त्यांची चित्रं काढायला शिकवण्यात. संशोधन म्हणावं असं हातून काही झालं नाही. पन्नाशी उलटल्यावर एकदाच ते वारं अंगात शिरलं. भांडुपच्या मागे खाडीत पुलाचे खांब उभे राहायचे होते. ते यायच्या आधी तिथे कुठले मासे, किती, कोणत्या दिवसांत येतात याची नोंद करायची, एवढंच काम. पण ते आधीच करायला हवं होतं. खांब आल्यानंतर 'आधी काय होतं' हे कोण सांगणार?

सांगणारा एक माणूस होता. खाडीकाठच्या कोळीवाड्यातले काका, सत्तरी पार केलेले. खुंट्यांना बांधलेलं एक जाळं आणि शाळेच्या वह्यांचा एक गठ्ठा, ही त्यांची इस्टेट. रोज जे घावेल ते वहीत लिहायचे: बोईट, कोळंबी, शिंगाळा. तारीख नाही, तिथी. खाडीचं पाणी तिथीवर चालतं, उधाण पुनवेला आणि अवसेला, मग तारीख कशाला लिहायची? वर्षभर मागे लागलो तेव्हा त्यांनी एक वही दिली. म्हणाले, "परत आन, मास्तर. पानं मोजलेली हायत."

त्या वहीतल्या तिथींच्या मी तारखा केल्या, तक्ता बनवला आणि संशोधनाच्या अनुदानासाठी अर्ज केला.

पत्रात तीन परीक्षकांचे शेरे होते. पहिल्या दोघांना काम आवडलं होतं. तिसऱ्याने लिहिलं होतं, तक्त्यात महिनाभर एकाच तारखेला दोन-दोन वेगळ्या नोंदी आहेत, त्या रचलेल्या असाव्यात. एवढ्या एका वाक्यावर अर्ज नामंजूर. खाली अपिलाचे नियम. मुदत तीस दिवस. समितीकडून वाचण्यात किंवा कामकाजात चूक झाली असेल तरच अपील. अर्जदाराची स्वतःची चूक हा आधार धरला जाणार नाही. अपील एकदाच.

आम्ही मूळचे मालवणचे. माझे वडील गिरणीत होते, आणि अख्ख्या खात्याचे तक्रारअर्ज तेच लिहायचे. तो वारसा उसळून आला. सात पानं लिहिली. वातानुकूलित खोलीतल्या विद्वानांना तिथी म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का, इथपर्यंत पोचलो. मग ते सगळं मेथी निवडत बसलेल्या बायकोला वाचून दाखवलं.

तिने विचारलं, "एका दिवशी दोन नोंदी म्हणजे कुठल्या महिन्यात?"

"श्रावणात."

"कुठल्या श्रावणात?"

"श्रावण किती असतात?"

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "अहो, त्या वर्षी अधिक श्रावण होता. चेंबूरला आईने जावई म्हणून तुम्हाला वाण दिलं नाही का? तेहेतीस अनारसे. त्यातले नऊ तर रिक्षातच संपवलेत."

मी सात पानांकडे बघत राहिलो. काकांच्या वहीत श्रावण सरल्यावर पुन्हा श्रावण सुरू होत होता. दोन्ही महिन्यांना मी संगणकावर एकाच महिन्याच्या तारखा लावल्या होत्या. दुसऱ्यांदा त्याच तारखा आल्या तेव्हा क्षणभर थांबलो होतो, हे आठवलं. वाटलं होतं, म्हाताऱ्याची दोन जाळी असतील. फोन उचलून विचारलं नव्हतं. परीक्षकाने जे बघितलं ते बरोबर बघितलं होतं.

कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारा माझा मित्र. त्याला सांगितलं तर तो हसला. "मग वाट लागली म्हण. आपली चूक कबूल केलीस की अपील तिथेच संपलं. त्यापेक्षा दोन जाळी होती असं लिही ना. म्हाताऱ्याकडून तसं सही करून घे. कोण बघायला येतंय खाडीत?"

"आणि वही?"

"वही मराठीत आहे यार."

हे इथे लिहून टाकतो, कारण घरी मी ही गोष्ट सांगताना हा भाग गाळतो. मी ते निवेदन टाइप केलं. 'माझी दोन जाळी असून...' असं सुरू होणारं. छापलं, प्लास्टिकच्या पाकिटात घातलं, आणि नाहूरहून रिक्षा करून खाडीवर गेलो.

काका जाळं शिवत होते. कागद घेतला, लांब धरून वाचला.

"माझा एकच जाला हाय. सगल्या वाड्याला ठाव हाय."

मी सगळं सांगितलं. पुढच्या पानावर पुन्हा श्रावण आला तसा गोंधळ झाला म्हणालो.

"पयला अधिक, दुसरा खरा. दुसऱ्याच्या पुनवेला नारल सोडल्याचा लिवलाय. नारल काय दोनदा सोडतात?"

"माझ्या लक्षात नाही आलं, काका."

सुई थांबली. "म्हंजे ते मना खोटा म्हनतात?"

"हो."

"कुनामुलं?"

"माझ्यामुळे."

"मग तसा लिव." कागद त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. "आनि वही दे माझी."

वही मी पिशवीत आणलीच होती. त्यांनी पानं मोजली. माझ्यासमोर, एकेक करून, अंगठा ओला करत. मोजून झाल्यावर आत ठेवून आले आणि पुन्हा शिवायला बसले. चहा विचारला नाही. त्या घरात तसं पहिल्यांदाच झालं.

दोन दिवस उरले होते. सात पानं फाडली आणि अर्ध्या पानात लिहिलं: चूक माझी, वही खरी, तो महिना अधिक होता, तारखा नव्याने लावून तक्ता जोडतो आहे. शेवटी विनंती केली, अनुदान मिळो न मिळो, 'रचलेल्या नोंदी' हा शेरा तेवढा काढावा, कारण तो माझ्यावर नाही, दुसऱ्या माणसावर बसतो आहे.

उत्तर यायला चार महिने लागले आणि वाचायला अर्धं मिनिट. अर्जदाराने चूक स्वतःची असल्याचं मान्य केलं आहे, सबब अपिलाला आधार नाही. नवा तक्ता विचारात घेता येत नाही. परीक्षकांचे शेरे बदलण्याची तरतूद नाही. एकही शब्द खोटा नव्हता. तोवर पुलाच्या कामासाठी खाडीत आडोशाचे पत्रे उभे राहिले होते आणि काकांच्या खुंट्या पत्र्यांच्या पलीकडे गेल्या होत्या.

मी वहीच्या निमित्ताशिवाय जात राहिलो. बसायला मिळायचं. निकाल सांगितला तेव्हा ते फक्त म्हणाले, "एकदा लिवला की लिवला."

या वर्षी पुन्हा अधिक महिना आला, ज्येष्ठ. सासूबाईंचा फोन आला होता. मी अनारसे नको म्हणालो, तर त्यांना वाटलं साखर वाढली. मधल्या एका रविवारी काकांकडे गेलो. त्यांनी आपणहून वही पुढे केली. नव्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अधिक ज्येष्ठ', आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"तुज्यासाठी लिवलाय, मास्तर. आता चुकायचा नाय."

रेघांखाली प्रतिपदेपासून त्या दिवसापर्यंतच्या तिथी एकाखाली एक मांडल्या होत्या. समोर मासळीचा रकाना कोरा होता.