मागची ओळ

आमच्या सासूबाई, म्हणजे अख्ख्या वडपे गावाच्या आक्का, माझ्याशी कधी गोड बोलल्याचं मला आठवत नाही. लग्न होऊन आले त्या वर्षीच मला बजावलं, "तू मागं र्‍हा. पुढं जायाचं न्हाय." आक्का धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं लावून देणारी बाई. प्रत्येक ओळ आधी त्या म्हणणार, मग तीच ओळ मी मागून ओढायची. एवढीच माझी लायकी. चुकले की मांडीला चिमटा, तोही सगळ्या मांडवादेखत. मीही मनातल्या मनात त्यांना भरपूर शिव्या घातल्यात, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी आक्कांचा घसा बसायला लागला. आवाज टिकेल याची खात्री देत नाही, असं डॉक्टर म्हणाला. धवले कुठे छापलेले नाहीत, सगळे आक्कांच्या तोंडात. आवाज गेला की तेही गेले. त्या बाईला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग आमचा उंटावरचा शहाणा पुढे सरसावला. भाविक, माझा धाकटा दीर. हा गोडाऊनवाल्यांच्या वेबसाइट बनवतो. म्हणाला, आईचे धवले साइटवर टाकू, जन्मभर राहतील. मग काय, दारं लावून, पंखा बंद करून आम्ही दोघी गायला बसलो. बाहेर कंटेनरचा हॉर्न वाजला की पुन्हा पहिल्यापासून. आक्कांनी उरलासुरला घसा त्या मोबाइलमध्ये ओतला आणि त्यानंतर त्यांचा आवाज बसला तो बसलाच.

साइट झाली, पण उघडेना. नुसती गोल गोल फिरत बसायची. भाविक म्हणे, माणूस तीन सेकंदांच्या वर थांबत नाही, निघून जातो. अरे वा! हाच माणूस वडपे नाक्यावर कंटेनरच्या मागे तासभर सडतो, तिथून कुठे जातो निघून? पण ह्याला कोण सांगणार? कसलासा स्पीडचा आकडा असतो, तो हिरवा झाला की ह्याला मोक्ष. जेवताना तेच, झोपताना तेच. एक दिवस नाचत आला, वहिनी, बोट लावायच्या आत उघडते बघ! पहिली ओळ ऐकवली आणि मोबाइल खिशात टाकून गेला.

पुढे शेजारच्या हिरामणकाकांच्या रुचिकाचं लग्न निघालं. हळदीला साइटवरचा आपलाच आवाज लावा, असं आक्कांनी स्वतः सांगितलं. नवं लुगडं नेसून पाटाजवळ बसल्या. भाविकनं मोबाइल डीजेच्या बॉक्सला जोडला. मला काही कामच नव्हतं, म्हणून मी बायकांच्या मागे जाऊन बसले.

आक्कांचा तो जुना खणखणीत आवाज मांडवभर घुमला. बायकांचे डोळे भरून आले, माझेही आले. मग दुसरी ओळ आली, लगेच तिसरी. माझी ओळ कुठाय? धवल्याची पुढची ओळ, म्हणजे आक्कांची, काय करायचं ते सांगते आणि मागच्या ओळीत बायकांचे हात ते करतात. मागची ओळच नाही, तर हातांनी करायचं कधी? रुचिकाची आत्या अजून पायाला हळद लावतेय, तोवर गाणं गुडघ्यावरून, खांद्यावरून कपाळाला पोचलं. आत्या बिचारी घाईघाईनं फासायला गेली, तर हळद रुचिकाच्या डोळ्यात. पोरी खिदळल्या. एवढ्यात हळदीचा धवला संपून बॉक्समधून थेट पाठवणीचा सुरू झाला आणि सगळं हसू जागच्या जागी मेलं. अंगाला हळद नाही आणि पोरीची पाठवणी! रुचिकाची आई मटकन खाली बसली. हिरामणकाकांनी वायर उपटली.

मी भाविकचं मनगट धरलं आणि विचारलं, माझी ओळ कुठे गेली?

"तीच ओळ दोनदा होती ना वहिनी. दोनदा कशाला लोड करायची?"

मग पहिलं होतं ते लाव, म्हटलं. तर म्हणतो, ती फाइल जड होती, उडवली.

आक्कांनी ऐकलं. पोराकडे पाहिलंसुद्धा नाही, पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. ही बाई कधीतरी रडावी असं मला कितीदा वाटलं होतं. आता रडत होती आणि मीच मान फिरवली.

थोड्या वेळानं त्यांनी हातानं बोलावलं. "भावना. पुढं ये."

मला फक्त मागची येते, मी म्हटलं.

"तीच हाय ती. गा."

गायले. पहिली ओळ संपली आणि सवयीनं थांबले. आणि मागून आली हो माझी ओळ. फाटकी, निम्मा वाराच, शब्द कळत नव्हते, पण चाल जागेवर. आत्याचा हात पायावरून सावकाश फिरला. भाविकनं मोबाइल वर केला तसा आक्कांनी गाता गाताच त्याच्या हातावर फटका मारला.

घरी आल्यावर मी त्यांना कोमट पाणी दिलं. प्याल्या आणि म्हणाल्या, खांद्याच्या ओळीला घाई केलीस. केली, म्हटलं.

"उद्या लग्नाला पुढं तूच बस," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मी मागं हाय, चिमटा काढायला."